गळासाठी घरगुती खुळखुळे व कमी खर्चाची कृत्रिम माशी

पावसाळ्याच्या प्रारंभी गावतळ्यात किंवा मातीच्या शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडावे, कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालून ते वाढवावे, आणि उन्हाळ्यात जाळे ओढले असता सोडलेल्या बीजाच्या मानाने अगदीच थोडे मासे हाती लागावेत, हा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंच्या वाट्यास येतो. अशा वेळी दोष सामान्यतः बीजाला, पाण्याला किंवा रात्रीच्या चोरांना दिला जातो. चोर खरोखरच असतात. परंतु त्यांपैकी काही तळ्यातच वस्तीला असतात. ओढ्याच्या पाण्याबरोबर आत शिरलेल्या मरळी आणि शिंगाळे बोटाएवढ्या बीजावर वर्षभर पोसले जातात, आणि त्यांच्या खाण्याचा खर्च तळ्याच्या मालकाच्या नावे पडतो.

बीज सोडण्यापूर्वी या शिकारी माशांचा बंदोबस्त करण्याचा उपाय परिचयाचा आहे. एक मीटर पाणी असलेल्या तळ्यात हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकली असता तीतील सॅपोनिनमुळे आतील सर्व मासे मरतात. दोन ते तीन आठवड्यांत पाण्याचा विषारीपणा ओसरतो आणि पुढे तीच पेंड खताचे काम करते. परंतु बीज एकदा सोडल्यानंतर हा उपाय हातचा जातो, कारण पेंड ही मरळ आणि रोहू असा भेद करीत नाही. जाळेही येथे पुरे पडत नाही. ते जवळ आले की मरळ चिखलात दबून बसते, नाहीतर वरून उडी मारून पलीकडे जाते. उरतो तो गळ.

गळाला काय लावावे, हाच खरा प्रश्न आहे. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावल्यास जे मासे वाढवावयाचे तेच, म्हणजे रोहू व मृगळ, वर येतात. मरळीसाठी जिवंत बेडूक टोचण्याची चाल जुनी आहे, पण ती सोडणेच इष्ट. बेडूक पिकावरील किडी खातो. याच विचाराने भारत सरकारने १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. मग जो माल परदेशी पाठवावयाचा नाही, तो आपण आपल्याच बांधावर गळाला का टोचावा? बाजारात तयार कृत्रिम आमिषे मिळतात. परंतु दीडशे-दोनशे रुपयांपासून पुढे किंमत असलेले आमिष पहिल्याच दिवशी बुडीत बाभळीत अडकून तुटले की शेतकरी पुन्हा त्या वाटेस जात नाही. ज्या आमिषाला फक्त शिकारी मासा लागेल आणि जे तुटले तरी हळहळ वाटणार नाही, असे आमिष घरी बनविता येते. त्याची माहिती या लेखात द्यावयाची आहे.

माशी म्हणजे काय?

येथे 'माशी' या शब्दाने गोंधळ होऊ नये. गळाच्या दांड्यावर पिसे, केस व दोरा बांधून किडा, लहान मासा किंवा बेडूक यांचे जे सोंग तयार करतात, त्यास इंग्रजीतील 'फ्लाय' या शब्दावरून कृत्रिम माशी म्हणतात. प्रत्यक्षात ती माशीसारखी दिसलीच पाहिजे असे नाही. ही कला फार जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळीत आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालील दोन पिसे बांधीत; काठी सहा फूट आणि दोरीही तितकीच. म्हणजे या विद्येचा जो सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख आपल्याला उपलब्ध आहे, त्यातील सर्व साहित्य आपल्या अंगणातच सापडते. त्यासाठी महाग काठी व यंत्रे घेतलीच पाहिजेत, ही समजूत पुष्कळ नंतरची आहे. आपल्या कामास तीन ते चार मीटर लांबीचा, शेंड्याला लवणारा बांबू आणि तेवढीच मजबूत तंगूस पुरेशी आहे.

आवाज कशासाठी?

हिमालयातील निवळ पाण्यात माशी नुसती दिसली तरी चालते. आपल्या काळ्या जमिनीतील तळ्यात हात कोपरापर्यंत बुडविला तर बोटे दिसत नाहीत. अशा गढूळ पाण्यात उत्तम बांधलेली माशीही माशाच्या नजरेस पडण्यापूर्वी दोन हातांवरून निघून जाते. म्हणून तिला आवाजाची जोड द्यावयाची.

पाण्यात आवाजाचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो, आणि गढूळपणाने त्यास फारसा अडथळा होत नाही. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, तरी डोक्याच्या आत कानाची रचना असते. माशाचे शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचे असल्यामुळे ध्वनिलहरीबरोबर ते पाण्यासारखेच हलते. परंतु आतील कानातील चुनखडीचे खडे जड असल्यामुळे ते मागे रेंगाळतात. या फरकाने तेथील सूक्ष्म केस वाकतात आणि माशाला आवाज कळतो. रोहू, कटला, खडस आणि शिंगाळा यांसारख्या माशांत याहून एक सोय अधिक आहे. त्यांच्या पोटातील हवेची पिशवी ध्वनीने कापते आणि लहान हाडांची एक साखळी ती कंपने थेट कानापर्यंत पोचविते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० साली या हाडांचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. मरळीला ही साखळी नाही. तिला बारीक, तीक्ष्ण आवाजापेक्षा ठसठशीत, खालच्या पट्टीतील आवाज आणि पाण्यावरील खळबळ अधिक कळते. शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या संवेदन-रेषेने तिला जवळच्या पाण्याचा धक्काही जाणवतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मरळीसाठीचा खुळखुळा जाड आवाजाचा हवा आणि शिंगाळ्यासाठीचा खणखणीत असला तरी चालतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोहू-कटल्यालाही ऐकू उत्तम येते, परंतु ते वनस्पती, शेवाळ व पाण्यातील सूक्ष्म जीव खाणारे मासे असल्यामुळे खुळखुळणाऱ्या पिसांच्या गोळ्यात त्यांना काही स्वारस्य नसते; उलट ते बिचकून दूर होतात. अशा रीतीने हे आमिष आपले पीक राखते आणि चोर निवडून काढते.

खुळखुळा तयार करणे

खुळखुळा म्हणजे दोन्ही तोंडे बंद केलेली लहान नळी आणि तीत मोकळे हलणारे छर्रे. आपल्याकडे तागाच्या वाळलेल्या शेंगा हलविल्यावर वाजतात आणि त्याच कुळातील एका रानवनस्पतीला 'खुळखुळा' असेच नाव आहे. ते पाहून शेंगेतील बिया नळीत भरण्याचा मोह होतो. बिया हलक्या असतात. पाण्याखाली त्यांचा आवाज उमटत नाही, आणि ओल लागली की फुगून त्या जागीच अडकतात. छर्रे धातूचेच हवेत. सायकल दुरुस्तीच्या दुकानात फ्रीव्हील खोलल्यावर १/८ इंची पोलादी छर्रे निघतात. झिजलेले छर्रे दुकानदार टाकूनच देतो. आपल्या कामास ते झिजलेले असले तरी चालतात.

शिशाचे छर्रे मात्र वापरू नयेत. शिसे मऊ असल्यामुळे आवाज बोदा येतो, हे एक कारण झाले. दुसरे असे की शिसे विषारी असून तुटून पडलेला तुकडा पाणपक्षी खड्याबरोबर गिळतात. राजहंस अशा रीतीने मरू लागल्यामुळे ब्रिटनने १९८७ साली गळाला लावण्याच्या लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद केली.

नळीसाठी सर्वांत सोयीची वस्तू ठिबक सिंचनाच्या कामात वाया जाते. ठिबकची जी बारीक मायक्रोट्यूब असते, तिचा बाहेरील व्यास ६ मि.मी. आणि आतील ४ मि.मी. असेल असा तुकडा निवडावा. त्यात १/८ इंची, म्हणजे ३.२ मि.मी.चा छर्रा न अडकता घरंगळतो. तीस मि.मी. लांबीचा तुकडा कापावा. या प्लॅस्टिकला कोणताही गोंद नीट धरत नाही, म्हणून तोंड उष्णतेनेच बंद करावे. मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूस, ज्योत प्रत्यक्ष न लागेल अशा बेताने, नळीचे टोक धरावे. ते ओलसर चमकू लागले की पाण्यात बुडविलेल्या पकडीने चार मि.मी. इतके दाबून दहा आकडे मोजेपर्यंत सोडू नये. पकड कोरडी असल्यास प्लॅस्टिक तिला चिकटते आणि टोक फाटते. नंतर छर्रे टाकून दुसरे टोक तसेच बंद करावे. हे काम मोकळ्या हवेत करावे आणि लहान मुलांना जवळ बसवू नये.

छर्रे किती टाकावेत, याला थोडा हिशेब आहे. एका छर्‍याचे वजन सुमारे ०.१३ ग्रॅम भरते. वर सांगितलेली बंद नळी साधारण पाऊण ग्रॅम पाणी बाजूला सारते आणि तिचे स्वतःचे वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडे कमी असते. म्हणून दोन छर्रे टाकल्यास खुळखुळा जेमतेम तरंगतो आणि तीन टाकल्यास बुडतो. वरच्या पाण्यात फिरवावयाच्या माशीला दोन आणि तळाजवळ न्यावयाच्या माशीला तीन, असे धोरण ठेवावे. चार-पाच छर्रे कोंबून आवाज वाढत नाही. छर्‍याला धावण्यास जागा लागते. निम्मी नळी रिकामी असली तरच तो टोकावर आदळतो.

मायक्रोट्यूबचा आवाज जाड असतो आणि तो मरळीला मानवतो. शिंगाळ्यासाठी खणखणीत आवाज हवा असल्यास मोडक्या रेडिओची एरियल उपयोगी पडते. तिच्या एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्यांपैकी छर्रा सैल बसेल अशी नळी निवडावी, तिकोनी कानशीने तिच्याभोवती खाच पाडून तुकडा मोडावा आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात, नाहीतर त्या दोरा कापतात. तिची तोंडे पेन्सिलीच्या खोडरबराची गुडदी आत बसवून, वरून दोन नळ्यांतील औषधे मिसळून तयार होणाऱ्या घट्ट गोंदाने बंद करावीत. प्रस्तुत लेखकाने केलेला पहिला पितळी खुळखुळा मुका निघाला. झटपट चिकटणारा पातळ गोंद गुडदीशिवाय थेट तोंडात सोडल्यामुळे तो आत ओघळला आणि छर्रे जागीच चिकटून बसले. दोन दिवस तळ्यावर बसून मासा का येत नाही याचा विचार करीत राहिलो, आणि शेवटी तिसऱ्या दिवशी खुळखुळा कानाशी नेऊन हलवून पाहिला!

येथे एक इशारा देणे जरूर आहे. बारीक नळी म्हणून जनावरांच्या दवाखान्याजवळ पडलेल्या वापरलेल्या सिरिंज कोणी गोळा करू नयेत. तो रोगसंसर्ग पसरविणारा कचरा असून त्याची विल्हेवाट दवाखान्यानेच लावावयाची असते.

तयार खुळखुळ्याच्या दोन परीक्षा घ्याव्यात. हाताला सोसवेल त्याहून थोड्या अधिक गरम पाण्यात तो बुडवून धरावा. आतील हवा प्रसरण पावते आणि सांधा कच्चा असल्यास तेथून बुडबुडे येतात. असा खुळखुळा पुन्हा दाबून बंद करावा, कारण पाणी आत शिरले की आवाज मरतो. दुसरी परीक्षा आवाजाची. बादलीभर पाण्यात हात घालून खुळखुळा हलवावा आणि दुसऱ्या माणसाने बादलीला बाहेरून कान लावावा. हवेत जो मोठा वाजतो तोच पाण्यात मोठा वाजतो असे नाही, हे या परीक्षेत लगेच समजते.

पिसे, केस व इतर साहित्य

गावठी कोंबड्याच्या मानेवरील पिसे अरुंद, ताठ आणि चकचकीत असतात. पाण्यातून ओढताना ती दबतात आणि थांबताच पुन्हा उलगडतात. माशी जिवंत भासते ती यामुळे. शेपटीच्या मुळाशी पाठीवर असणारी पिसे याहून लांब असतात आणि माशीच्या शेपटासाठी उत्तम. पोटाखालील मऊ लव पाण्यात सतत थरथरत राहते. परदेशात हिलाच 'माराबू' म्हणतात. ते नाव एका करकोच्याचे असले तरी आजचा माल पाळीव टर्कीचा असतो. ब्रॉयलरच्या दुकानातील पिसे मात्र उपयोगाची नाहीत. तो पक्षी सहा-सात आठवड्यांचाच असतो, तोपर्यंत त्याच्या मानेवर नराची पिसे आलेलीच नसतात. भारतातील गावठी कोंबड्यांच्या माना माशी बांधणाऱ्या परदेशी लोकांपर्यंत स्वस्त माल म्हणून पूर्वीपासून जात आल्या आहेत, आणि अमेरिकेत तर केवळ या पिसांसाठी कोंबड्यांची निवड-पैदास केली जाते. आपल्याकडे ती उकिरड्यावर जातात.

पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत आणि कसर लागू नये म्हणून कापूर घालून डब्यात ठेवावीत. अचानक मेलेल्या कोंबड्यांची पिसे कदापि उपटू नयेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली होती, ती विसरण्यासारखी नाही. अशी मरतूक झाल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे आणि पक्ष्यांना हात लावू नये.

सह्याद्रीच्या जंगलाकडील वाचकांना रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांची पिसे ठाऊक असतील. स्कॉटलंडकडील सामन माशांच्या माश्यांवर ही पिसे लावण्याचा मोठा शौक होता, आणि त्यापायी आपल्याकडील पुष्कळ रानकोंबडे मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबडा, मोर यांसारख्या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. गढूळ पाण्यात त्या ठिपक्यांचा माशावर काहीही प्रभाव पडत नाही. तो शौक माशाचा नसून माणसाचा होता.

केसांसाठी शेळीच्या शेपटीचे व पाठीचे लांब केस घ्यावेत. बैलाच्या शेपटीचा गोंडा जाड असल्यामुळे मोठ्या माशीला चालतो. अंगासाठी जुन्या घोंगडीचे सूत अप्रतिम होय. ते काळे, खरखरीत आणि पिसांना धरून ठेवणारे असते. सुतळी उकलून विंचरली तर पिवळसर तंतू मिळतात. चमक आणावयाची असल्यास जुन्या लुगड्याच्या काठातील जर किंवा बिस्किटाच्या पुड्याच्या आतील चंदेरी कागदाच्या दोऱ्याइतक्या पट्ट्या वापराव्यात. जळालेल्या मोटारीची रिवाइंडिंगवाल्याकडे पडलेली तांब्याची तार माशीला वजन देते आणि पिसे घट्ट धरते. शिवणयंत्राचा पॉलिएस्टर दोरा मेणावरून ओढून घ्यावा. शेवटच्या गाठीवर लावण्यास नखांना लावावयाचा रंग पुरतो. ही बाटली घरातील मंडळींस विचारूनच घ्यावी हे सांगणे नलगे.

रंगाविषयी पुष्कळ मतभेद ऐकू येतात. मरळ बहुधा खालून वर पाहून आमिष घेते, आणि उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती सर्वांत स्पष्ट दिसते. पाण्यात खोल गेल्यावर तांबडा रंग तर सर्वांत आधी नाहीसा होतो. म्हणून पहिली माशी काळीच बांधावी.

एका वस्तूत मात्र काटकसर करू नये. ती म्हणजे गळ. गंजलेला किंवा मऊ लोखंडाचा गळ मोठ्या मरळीच्या एका हिसक्यात सरळ होतो. लांब दांड्याचा २/० किंवा ३/० क्रमांकाचा चांगला गळ विकत आणावा.

माशी बांधण्याची रीत

गळ घट्ट धरण्यासाठी लोहाराकडील वाइस मिळाल्यास उत्तम. नसल्यास पकडीच्या तोंडात गळाचा बाक धरून तिच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचा तुकडा गच्च गुंडाळावा आणि पकड दोन विटांमध्ये रोवावी. प्रथम नेढ्यापासून बाकापर्यंत दांड्यावर दोऱ्याचे वेढे द्यावेत. गुळगुळीत दांड्यावर पुढील कोणतीही वस्तू फिरू लागते. बाकाजवळ पाठीवरील चार लांब पिसे किंवा शेळीच्या केसांचा झुपका शेपूट म्हणून बांधावा. त्याची लांबी दांड्याइतकी ठेवावी. याहून लांब केल्यास मासा शेपूट तोडतो आणि गळ तोंडाबाहेर राहतो.

आता खुळखुळा. तो गळाच्या टोकाच्या बाजूस न बांधता दांड्याच्या पाठीवर बांधावा, म्हणजे टोक व दांडा यांमधील जागा मोकळी राहते. ती भरून गेली तर मासा अडकणारच नाही. खुळखुळ्याच्या चपट्या टोकांवर दोऱ्याचे आडवे-तिडवे पुष्कळ वेढे द्यावेत आणि त्यांवर गोंदाचा थेंब सोडावा. दोन छर्‍यांचा तरंगता खुळखुळा पाठीवर असला की पाठ वर आणि टोक खाली राहते. तीन छर्‍यांचा बुडणारा असला आणि त्याच बाजूस तांब्याच्या तारेचे काही वेढे दिले, तर माशी उलटी होऊन टोक वर येते. तळाशी काटक्या असलेल्या तळ्यात हाच दोष गुण ठरतो, कारण वर वळलेले टोक सहसा अडकत नाही.

यानंतर घोंगडीचे सूत खुळखुळ्यासकट दांड्यावर गुंडाळीत नेढ्याकडे न्यावे. मानेच्या एक-दोन पिसांची टोके बांधून ती त्या अंगावर मळसूत्राप्रमाणे फिरवावीत आणि उलट दिशेने तांब्याची बारीक तार फिरवून ती पक्की करावीत. ही तार नसेल तर माशाच्या दातांनी पीस एकदा तुटले की सारेच उलगडत जाते. शेवटी नेढ्यामागे पाच-सहा गाठी मारून नखांचा रंग लावावा आणि नेढ्यात तो शिरल्यास सुईने मोकळे करावे. पहिली माशी बांधण्यास तासभर लागतो आणि ती ओबडधोबड होते. मासा ती पारखून घेत नाही.

ज्या तळ्यात कमळ, शिंगाडा किंवा पानवेली माजली आहे, तेथे तरंगता बेडूक अधिक कामाचा. झिजलेल्या रबरी चपलेचा बोटाएवढा तुकडा कापून पुढील तोंड सपाट ठेवावे, तापलेल्या खिळ्याने आडवे भोक पाडून त्यात खुळखुळा बसवावा, खालच्या बाजूस चीर देऊन दोरा गुंडाळलेला गळ गोंदाने पक्का करावा आणि मागे दोन बाजूंस केसांचे झुपके तंगड्या म्हणून बांधावेत. ओढल्याबरोबर सपाट तोंड पाणी ढकलते आणि 'पुळूक' असा आवाज होतो.

वापरताना

सकाळी व सायंकाळी, काठच्या गवताच्या कडेने माशी सोडावी. मरळ हवा घेण्यासाठी वर येते तेव्हा पाण्यावर वर्तुळे व बुडबुडे दिसतात. ती जागा हेरून ठेवावी. काठीच्या शेंड्याने दोन झटके द्यावेत आणि मग माशी स्थिर ठेवावी. सतत वाजविणाऱ्याला मासा मिळत नाही. आवाजाने तो जवळ येतो आणि बहुधा माशी थांबलेली असतानाच झडप घालतो. बेडकावर झडप पडल्यास लगेच हिसका न देता 'एक-दोन' म्हणण्याइतके थांबावे, नाहीतर आमिष तोंडातून निसटते.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात गळ मुळीच टाकू नये. एका ओढीत अस्तराला भोक पडते आणि पाणी कोठून जाते हे शोधण्यात हंगाम जातो. धरणाच्या जलाशयावर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तिची परवानगी घ्यावी. नदीवर गळ टाकणाऱ्यांनी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे नको असलेला मासा इजा न होता सोडता येतो. खडस लागल्यास तो सोडूनच द्यावा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतून ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले तो हाच, आणि आज त्या नदीत तो शोधूनही सापडत नाही.

मरळीच्या बाबतीत एक गोष्ट ग्रामीण कार्यकर्त्यांनी गावात आवर्जून सांगावी. पावसाळ्यात तिची पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाशी तांबूस ढगासारखी एकत्र फिरतात आणि आई-बाप त्यांच्या खाली राखण करीत असतात. या दिवसांत खुळखुळा वाजविला की मरळ भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी धावून येते आणि सहज अडकते. पुष्कळांना हा मोठा पराक्रम वाटतो. राखणदार गेल्यावर ती शेकडो पिल्ले इतर मासे आणि बगळे मिळून एक-दोन दिवसांत फस्त करतात. नदीत व गावाच्या सामाईक तळ्यात असा ढग दिसला तर काठी उचलून दुसरीकडे जावे. आपण बीज सोडलेल्या तळ्याची गोष्ट निराळी. तेथे मरळ नकोच असते. परंतु तेथेही मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मोठ्या मरळी गळाने काढून टाकल्या, तर हा प्रसंग येत नाही. राहून गेलीच, तर पिल्ले वर आलेली असताना मच्छरदाणीच्या कापडाची झोळी खालून सरकवून ती पाण्यासकट उचलावीत आणि नदीच्या संथ डोहात सोडावीत. दुपारच्या उन्हात हे काम करू नये. घागरीतील पाणी तापते.